एनडीए: आपल्या मुंबईतल्या मुलांना वेळेत का कळत नाही?

गिरगावकर

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं गेले कित्येक महिने मनात आहे. भाच्याच्या पासिंग आउट परेडला खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे तिन्ही दलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जाऊन आलो तेव्हापासून. लिहायला बसलो की लांबण लागायची म्हणून राहून जायचं. आज रविवार आहे, सगळं लिहूनच उठतो.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी एवढं तळमळून का लिहितोय ते कळेल. १९९१ च्या ऑगस्टमध्ये मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या चाळीत पेपर एकच यायचा आणि तो सगळ्या मजल्यांवर फिरत संध्याकाळी आमच्याकडे पोचायचा. त्यात बातमी होती की एअर चीफ मार्शल सुरी हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि आता तिन्ही दलांचे प्रमुख एकाच कोर्सचे आहेत. लष्कराचे जनरल रॉड्रिग्ज, नौदलाचे अ‍ॅडमिरल रामदास आणि सुरी, तिघंही १९४९ सालच्या पहिल्या तुकडीचे. मी चक्रावलो. पायदळातला, जहाजावरचा आणि विमानातला माणूस एका वर्गात कसे? शेजारच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, पुण्याजवळ एनडीए आहे ना, तिथे तिघं एकत्रच शिकतात." तोपर्यंत हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. चौकशी केली तर पुढच्या परीक्षेसाठी माझं वय उलटून गेलं होतं. बारावीत गणितात मला चांगले मार्क होते, शाळेत कबड्डी खेळायचो, तब्येत ठणठणीत होती. फक्त कोणी सांगितलं नव्हतं. ती हुरहुर चौतीस वर्षांनंतरही गेलेली नाही.

पुढे कळलं की जनरल सुनिथ रॉड्रिग्ज मुंबईत जन्मलेले आणि इथल्याच सेंट झेवियर्स शाळेत शिकलेले. अ‍ॅडमिरल रामदास यांचा जन्म माटुंग्याचा. म्हणजे त्या पहिल्या तुकडीतल्या ज्या मुलांनी पुढे तिन्ही दलं चालवली, त्यातले दोघं आपल्या शहरात जन्मलेले. हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर!

आता संस्थेबद्दल. गोष्ट सुरू होते आफ्रिकेत. १९४१ मध्ये इटलीच्या फौजांना पूर्व आफ्रिकेतून हुसकावून लावण्यात भारतीय सैनिकांचा मोठा वाटा होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण केरेनच्या डोंगरांत लढली. सुदानच्या सीमेवर बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या दलाचा, एक तरुण अधिकारी, सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत, सलग चार दिवस रस्त्यातले सुरुंग काढत पुढे गेला. पंधरा सुरुंगक्षेत्रं, पंचावन्न मैल. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ते मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. या सगळ्या बलिदानाची आठवण म्हणून सुदान सरकारने स्मारकासाठी एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले. अकादमीची मुख्य इमारत 'सुदान ब्लॉक' म्हणून ओळखली जाते ती त्यामुळे. बेसॉल्ट, ग्रॅनाइट आणि जोधपूरचा लाल दगड, वर घुमट. मला हे फार मोलाचं वाटतं. नुसता पुतळा उभा न करता त्या पैशातून पुढच्या अधिकाऱ्यांची शाळा उभी राहिली.

युद्ध संपता संपता सरसेनापती ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या समितीने जगातल्या लष्करी अकादम्यांचा अभ्यास करून डिसेंबर १९४६ मध्ये अहवाल दिला. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंटचा नमुना डोळ्यांसमोर होता. पण वेस्ट पॉइंट फक्त लष्कराची. इंग्लंडात सँडहर्स्ट लष्कराची, डार्टमथ नौदलाची, क्रॅनवेल हवाई दलाची. भारताने ठरवलं की मुलं सतरा-अठरा वर्षांची असतानाच तिन्ही दलं एकत्र वाढवायची. तेव्हा असं कुठेच नव्हतं.

जागा कुठे, यावर बरीच चढाओढ झाली. त्यात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या सरकारने सर्वांत जास्त जमीन देऊ केली, आठ हजार एकरांच्या आसपास, खडकवासल्याच्या तलावासकट. शिवाय समुद्र फार लांब नाही, लोहगावचा विमानतळ जवळ, हवा चांगली. तलावाच्या उत्तर काठावर युद्धकाळात फौजांना किनाऱ्यावर उतरण्याचा सराव देण्यासाठी बांधलेलं एक नकली जहाजसुद्धा पडून होतं, 'एचएमएस अंगोस्टुरा' नावाचं. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी कोनशिला बसवली. बांधकाम होईपर्यंत मुलं थांबणार कुठे? म्हणून १ जानेवारी १९४९ पासूनच डेहराडूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग, म्हणजे तिन्ही दलांची एकत्र शाळा, सुरू झाली होती. वर लिहिलेली पहिली तुकडी तीच. खडकवासल्याला औपचारिक उद्घाटन झालं ते १६ जानेवारी १९५५ रोजी.

आता परेडचं. आदल्या रात्री कोथरूडला नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि पहाटे चारला निघालो. खेत्रपाल मैदानावर कोर्सची मुलं आली तेव्हा माझी बहीण सारखी म्हणत होती, "आमचा कुठला? आमचा कुठला?" तीनशेवर मुलं, सगळ्यांची चाल एक, सगळ्यांचे खांदे एका उंचीवर. मला तर ओळखता येईना. तिने ओळखलं मात्र. म्हणाली, "तिसऱ्या रांगेतला, डाव्या कानामागे टाक्याची खूण आहे बघ." तो चार वर्षांचा असताना चाळीच्या जिन्यावरून पडला होता, त्याचे टाके. शेवटी संथ पावलांनी ती मुलं क्वार्टरडेककडे 'अंतिम पगा'साठी, म्हणजे अकादमीतल्या शेवटच्या पावलासाठी, निघाली. एका क्षणी सगळं मैदान गप्प होतं आणि फक्त बुटांचा आवाज येत होता. बहिणीने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ दुसऱ्या दिवसापर्यंत होता.

नंतर तो भेटला. मी वाकून त्याच्या बुटांकडे बघितलं, तर टोकाला माझा चेहरा दिसला. म्हटलं, किती वेळ घासलेत? तो म्हणाला, "मामा, हे माझे एकट्याचे नाहीत. माझा हात दुखावला होता, म्हणून रात्री दोन कोर्समेट बसले होते पॉलिश करत. एक नेव्हीचा, एक एअरफोर्सचा." भाचा लष्कराचा आहे. मंडळी, ऑकिनलेक समितीच्या अहवालात जे लिहिलं होतं ते मला त्या बुटात दिसलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही संस्था मुंबईपासून एका सकाळच्या अंतरावर आहे. आपल्या राज्याने जमीन दिली आहे. आणि तरी आपल्याकडे मुलगा दहावी झाला की घरात दोनच शब्द ऐकू येतात, इंजिनिअरिंग नाही तर मेडिकल. ज्याला पाठवायचं नाही त्याने पाठवू नये. पण मुलाला माहीत तरी असावं, आणि वय हातात असताना माहीत असावं. जाणकारांनी भर घालावी.

गोदीकर

फार छान लिहिलंत. मुंबईचा धागा आणखी मागे नेतो.

१९१७ पर्यंत भारतीय माणसाला ब्रिटिश फौजेत राजाच्या सनदेचा खरा अधिकारी होताच येत नव्हतं. सुभेदार-जमादारापर्यंतच जाता यायचं आणि कालचा आलेला गोरा पोरगा त्याच्या वर असायचा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इंदूरच्या डेली कॉलेजात एक छोटं कॅडेट कॉलेज काढलं. तिथून १९१९ च्या डिसेंबरात जी मुलं बाहेर पडली त्यांत करिअप्पा होते. त्यांची पहिली नेमणूक कुठे झाली माहीत आहे? मुंबईत, ८८ व्या कर्नाटिक इन्फन्ट्रीत. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती अधिकारी म्हणून पहिल्यांदा हजर झाले ते आपल्या शहरात.

पुढे सँडहर्स्टला वर्षाला दहा भारतीयांना जागा मिळाल्या. दहा! देश केवढा आणि जागा दहा. भारतात स्वतःची अकादमी हवी ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरावी लागली. तेव्हा कुठे १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली, चाळीस कॅडेट्सवर. त्या पहिल्या चाळिसांत सॅम माणेकशा होते. आणि त्याच वर्गात पुढे पाकिस्तानचे सेनाप्रमुख झालेले मुहम्मद मुसा आणि बर्माचे सेनाप्रमुख झालेले स्मिथ डन. एका बाकावरची मुलं तीन देशांच्या फौजांवर गेली. हे वाचलं की मी दर वेळी थांबतो.

आणि आपल्या माझगावला काय होतं? 'डफरिन'. १९२७ पासून हे प्रशिक्षण जहाज बंदरात नांगरलेलं असायचं. व्यापारी जहाजांसाठी भारतीय अधिकारी घडवायला ते आणलं होतं. त्याच्या पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी पुढे नौदलात गेले आणि १९५८ मध्ये नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. माझे आजोबा गोदीत फिटर होते. ते सांगायचे, रविवारी डफरिनची पोरं पांढऱ्या गणवेशात भायखळ्याच्या दिशेने निघाली की रस्त्यावरची माणसं बाजूला व्हायची. पोरं पंधरा-सोळा वर्षांची.

मुलुंडची आई

गिरगावकर, धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी अकरावीत आहे, सायन्स. दोन महिन्यांपूर्वी जेवताना म्हणाली, "मला एनडीएत जायचंय." तिच्या बाबांनी चमचा खाली ठेवला आणि कोणीच काही बोललं नाही. मी तेव्हापासून माहिती गोळा करतेय, पण जो तो वेगळं सांगतो. मुलींसाठी खरंच व्यवस्थित आहे का? परीक्षा मराठीत असते का? खर्च किती? आणि मुंबईतून तयारी कशी करायची? आमच्याकडे लष्करात कोणीही नाही.

निळी फाईल

ताई, जे कागदावर आहे ते सांगतो. मी गेल्या वर्षी धाकट्या भावासाठी हे सगळं केलं.

परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. बारावीत असतानाच अर्ज करता येतो. कोर्स सुरू होताना वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीसमध्ये असावं लागतं, जाहिरातीत जन्मतारखा नेमक्या दिलेल्या असतात, त्या नीट बघा. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, जनरल अ‍ॅबिलिटीचा (इंग्रजी आणि सामान्य ज्ञान) ६०० गुणांचा. प्रत्येकी अडीच तास. चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. जनरल अ‍ॅबिलिटीतले २०० गुण निव्वळ इंग्रजीचे आहेत, तिथे मराठी माध्यमाची मुलं अडकतात, म्हणून इंग्रजीला आत्तापासून हात घाला. लेखी पास झालं की एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची चाचणी-मुलाखत, तिला आणखी ९०० गुण. म्हणजे लेखीइतकंच वजन त्या पाच दिवसांना आहे.

लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं.

खर्चाचं म्हणाल तर राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, औषधपाणी सगळं सरकारचं. घरून फक्त हातखर्च. तीन वर्षांनी जेएनयूची (दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची) पदवी मिळते. मग लष्कराची मुलं डेहराडूनला, नौदलाची केरळात एळिमलाला, हवाई दलाची हैदराबादजवळ दुंडिगलला, तिथे वर्षभर, आणि मग खांद्यावर स्टार.

मुलींचं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला. त्याच नोव्हेंबरात त्या परीक्षेला बसल्या. २०२२ च्या मध्याला पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १४८ व्या कोर्सबरोबर सतरा मुली पास आउट झाल्या. तुमच्या मुलीच्या पुढे गेलेल्या आहेत, हे तिला सांगा.

कोर्समेट

मी खडकवासल्याचा. सत्तरच्या दशकातला, स्क्वाड्रनचं, म्हणजे कॅडेट ज्या गटात राहतो त्याचं, नाव सांगत नाही, नाहीतर बाकीच्या सतरा स्क्वाड्रनवाले भांडायला येतील. लष्करातून निवृत्त होऊन वाशीला राहतो.

गिरगावकर, तुम्ही बुटांचं लिहिलंत ते अगदी बरोबर पकडलंत. लोकांना वाटतं तिथे बंदूक चालवायला शिकवतात. तेही शिकवतात. पण पहिल्या टर्मला मुलगा जातो तेव्हा त्याला चालायला शिकवतात, अक्षरशः. ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास होईपर्यंत रविवारची लिबर्टी मिळत नाही, पुणं बघायला मिळत नाही. मी दोनदा नापास झालो. पोहता येत नसेल तर पोहायला शिकावंच लागतं. मी नाशिक जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावचा, विहिरीतसुद्धा उतरलो नव्हतो. घोड्यावर बसवतात, पीकॉक बेला शिडाच्या नावेत बसवतात. वर्गाला जायचं तर सायकलवरून, रांगेत, स्क्वाड बांधून. सायकल पंक्चर झाली तर ती खांद्यावर घेऊन पळायचं, कारण उशीर झाला तर रगडा ठरलेला. रगडा म्हणजे शिक्षा, फ्रंट रोल आणि बाकी प्रकार. संध्याकाळी अभ्यासाचा तास. तिथे डोळे मिटू न देणं हेच मोठं युद्ध.

कॅम्प तीन असायचे. ग्रीनहॉर्न, रोव्हर्स आणि तोरणा. पाठीवर पिट्टू, हातात रायफल, पायाला फोड आणि समोर सह्याद्री. शिवाजी महाराजांचे मावळे या डोंगरांत कसे फिरले असतील, हे मला पुस्तकातून नाही, गुडघ्यांतून कळलं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या शेजारच्या केबिनमधला, म्हणजे खोलीतला, मुलगा हवाई दलाचा होता. तीन वर्षं भिंतीला भिंत. तो झोपेत बोलायचा आणि मी भिंतीवर बुटाची टाच आपटायचो. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, पत्रंही कमी झाली. १९८७ च्या हिवाळ्यात मी उत्तरेला एका उंच चौकीवर होतो. माझे दोन जवान आजारी, एकाला श्वास घेता येत नव्हता. हवा बिघडत चालली होती. रसद टाकून हेलिकॉप्टर परत निघालं होतं आणि पायलट रेडिओवर सांगत होता की आज आता पुन्हा येता येणार नाही. मी परिस्थिती सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "टाच आपटणारा तूच का रे?" आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो म्हणाला, "वीस मिनिटं थांब." तो आला आणि दोघांनाही घेऊन गेला. दोघंही वाचले.

आता कोणी म्हणेल की ओळख नसती तरी तो आला असता. आलाही असता, पायलट लोक तसेच असतात. पण मी त्याला जे सांगत होतो त्यावर त्याने एकही उलटा प्रश्न विचारला नाही. मी घाबरून वाढवून बोलणारा नाही हे त्याला तीन वर्षांपासून माहीत होतं. हा विश्वास सतराव्या वर्षी बसतो. चाळिसाव्या वर्षी एखाद्या परिषदेत ओळख करून दिली तर बसत नाही.

दहाबायबारा

@कोर्समेट सर, वाचून सुन्न झालो.

मी एसएसबीतून परत आलेला मुलगा आहे. कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत, गेलो आणि नाव आलं नाही. त्याला आता सहा वर्षं झाली. मुंबईतल्या मुलांसाठी लिहितो, कारण मला जे कोणी सांगितलं नाही ते त्यांना कळावं.

उपनगरातल्या एका क्लासला मी चांगले पैसे भरले होते. तिथे वर्ड असोसिएशनच्या शब्दांसाठी वाक्यं पाठ करून घ्यायचे. एसएसबीत साठ शब्द दाखवतात, एकेकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. साठ प्रसंग देतात, अर्धा तास. चित्रं दाखवतात, त्यावर गोष्टी लिहायच्या. मी भोपाळला बसून पाठ केलेली वाक्यं धडाधड लिहिली. चाळिसाव्या शब्दाच्या आसपास माझ्या लक्षात आलं की यातलं एकही वाक्य माझं नाही. हात लिहीत होता आणि पोटात खड्डा पडला होता. पुढे मुलाखतीत मी खरा बोललो, तो कागदावरचा मुलगा आणि खुर्चीतला मुलगा वेगळे दिसले असणार. पाच दिवस तीन वेगवेगळे अधिकारी तुम्हाला वेगवेगळं बघतात, मानसशास्त्रज्ञ कागदावर, मुलाखत घेणारा समोरासमोर आणि जीटीओ, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, मैदानावर. तिघांना एकच माणूस दिसायला हवा.

मैदानावर फळी, बल्ली आणि दोर देतात आणि आठ-दहा मुलांनी मिळून अडथळे पार करायचे असतात. माझ्या गटात साताऱ्याच्या सैनिक शाळेचा मुलगा होता. त्याने सगळ्यांत कमी बोलून सगळ्यांत जास्त काम केलं. फळी खांद्यावर घेऊन तो दुसऱ्यांना वाट करून देत होता. मी मात्र "आय हॅव अ‍ॅन आयडिया" ओरडत होतो, कारण क्लासमध्ये तसं शिकवलं होतं. त्याचं नाव आलं.

दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मुलाला मैदान कुठून मिळणार, असं मी बरीच वर्षं म्हणायचो. पण आमच्या गल्लीत गोविंदा पथक होतं. सात थर लावणारं. खालच्या थरातला मुलगा वरच्याला न बघता त्याचं वजन ओळखतो. तेच तर एसएसबीत बघतात! मी कधी त्या पथकात गेलो नाही, गॅलरीतून बघत अभ्यास करायचो. ताई, मुलीला क्लासला घालण्याआधी संघात घाला. खो-खो, कबड्डी, ट्रेकिंगचा ग्रुप, एनसीसी, काहीही.

रानवाट

महाराष्ट्र सरकारची स्वतःची सोय आहे, ती फार कमी मुंबईकरांना ठाऊक आहे. मराठी मुलं एनडीएत कमी जातात म्हणून १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. सगळे एसपीआय म्हणतात. दहावीच्या वर्षी प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. निवड झाली की अकरावी-बारावी तिथेच राहायचं, कॉलेज आणि एनडीएची तयारी एकत्र. मुलींसाठी २०२३ मध्ये नाशिकला तशीच संस्था सुरू झाली. @मुलुंडची आई, तुमची मुलगी अकरावीत गेल्यामुळे ती वेळ गेली, पण धाकटं भावंडं असेल तर लक्षात ठेवा.

साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये काढलेली. म्हणजे रस्ते पुष्कळ आहेत. पण या सगळ्या रस्त्यांची सुरुवात सहावीत, नाहीतर दहावीत होते. बारावीत जागं होणाऱ्याला एकच दार उरतं.

खारदांडा

दुसरी बाजूही लिहितो, राग मानू नका. प्रशिक्षणात जबर जखमी होऊन घरी परतलेली मुलंही आहेत. अकादमीत असताना कॅडेट अजून कमिशन, म्हणजे रीतसर अधिकारी, झालेला नसतो, त्यामुळे अपंगत्व आलं तरी त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पाठीचा कणा दुखावलेला मुलगा आणि त्याचे आईवडील यांनी वर्षानुवर्षं खिशातून औषधं केली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, आणि मग अशा कॅडेट्सना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. एवढं व्हायला इतकी वर्षं जायला नको होती. जो मुलगा देशासाठी घर सोडून गेला, तो कमिशनच्या आदल्या दिवशी पडला काय आणि दुसऱ्या दिवशी पडला काय, आईसाठी फरक काय?

पाठवणाऱ्यांनी हे माहीत करून घेऊन पाठवावं.

कोर्समेट

@खारदांडा, राग कसला? तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वेळी एक जण असाच परत गेला. आम्ही त्याला पुण्याच्या स्टेशनवर सोडायला गेलो होतो, त्याची ट्रंक मी उचलली होती. तो आजही आमच्या कोर्सच्या प्रत्येक मेळाव्याला येतो आणि आमच्या यादीत त्याचं नाव कायम आहे. पण आम्ही मित्रांनी धरून ठेवणं वेगळं आणि सरकारने धरून ठेवणं वेगळं. त्याला हे पन्नास वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं.

चाफेकळी

मला एक शंका आहे. तीन वर्षं एकत्र शिकतात हे ठीक, पण नंतर तीस-पस्तीस वर्षं आपापल्या दलात घालवल्यावर त्या एकत्र शिकण्याचा प्रत्यक्ष उपयोग किती? तिन्ही दलांचं एकत्र नेतृत्व करायला चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ नेमायला २०२० साल उजाडलं. अकादमीतली मैत्री पुरेशी असती तर सत्तर वर्षं लागली असती का?

गोदीकर

प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की मैत्री आणि रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बजेट कोणाला, विमानं कोणाच्या हाताखाली, हे मैत्रीवर सुटत नाही, त्याला आदेश लागतात. पण आदेश निघाल्यावर ते राबवणारी माणसं एकमेकांना ओळखत असतील तर काम निम्मं होतं. २०२० च्या सुमाराला जनरल नरवणे, अ‍ॅडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे तिघं प्रमुख होते, आणि तिघंही एनडीएच्या ५६ व्या कोर्सचे. १९९१ नंतर पुन्हा तोच योग. त्याच वर्षी चीनबरोबर लडाखचा पेच उभा राहिला. फोन उचलल्यावर पलीकडे अठरा वर्षांचा असल्यापासून माहीत असलेला माणूस असेल, तर बोलायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरत नाही.

गिरगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दहाबायबारा, तुम्ही जे लिहिलंत ते मी छापून आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळात वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. आम्ही दरवर्षी दहावीच्या मुलांना करिअरबद्दल बोलायला दोन-तीन माणसं बोलावतो. आजवर सगळे इंजिनिअर आणि सीए आले. या वर्षी खडकवासल्याचा माणूस हवा.

खेत्रपाल मैदानाचं नाव मी वर नुसतंच लिहून गेलो, ते बरोबर वाटत नाही. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेले, फॉक्सट्रॉट स्क्वाड्रनचे. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालं आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत, रणगाडा पेटलेला असताना मागे न फिरता, गेले. सहा महिन्यांची नोकरी. वय एकवीस. एनडीएत शिकलेल्या तिघांना परमवीरचक्र आहे. काँगोत वीरमरण आलेले कॅप्टन सलारिया, खेत्रपाल आणि कारगिलचे कॅप्टन मनोज पांडे. त्या मैदानावर पाऊल ठेवलं तेव्हा भाच्याने मला हे सांगितलं, आणि मग म्हणाला, "मामा, इथे हळू बोलतात."

कोर्समेट

@गिरगावकर, मी येतो. तारीख कळवा. वाशीहून सीएसएमटी सरळ लोकल आहे, कोणी आणायला येऊ नका. आणि @मुलुंडची आई, मुलीला आणि तिच्या बाबांनाही घेऊन या. त्यांनी चमचा खाली ठेवला म्हणजे नाही म्हटलं असं नाही. माझ्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला होता. मग निघायच्या दिवशी गावापासून स्टेशनपर्यंत माझी ट्रंक त्यांनीच डोक्यावरून नेली.

मुलुंडची आई

काका, नक्की येतो आम्ही. काल रात्री हा सगळा धागा मी मोठ्याने वाचून दाखवला. हे शेवटपर्यंत बसले होते, उठले नाहीत. हेलिकॉप्टरचं वाचलं तेव्हा मला थांबवून परत वाचायला लावलं. आज सकाळी ऑफिसला जाताना मुलीला म्हणाले, "उद्यापासून पळायला जायचं असेल तर साडेपाचला उठव, मी येतो बरोबर."

तिने तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय, विचारू का नको असं करत होती. तिथे केबिनला खिडकी असते का, आणि त्यातून काय दिसतं?

कोर्समेट

असते, बाळा. माझ्या खिडकीतून सिंहगड दिसायचा. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढगात असायचा, मग एखाद्या पहाटे पीटीला निघताना अचानक सगळा मोकळा.

बाकी शाळेत भेटल्यावर सांगतो.